चंद्रभागा गप्प राहिली

चेंदणी कोळीवाड्यातली चंद्रभागा आयुष्यात एकदाच तोंड मिटून बसली, आणि नेमकं तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. ठाण्याच्या मासळीबाजारात दारातून आत शिरलं की डाव्या हाताला तिची जागा, पण आवाज बाहेरच्या रिक्षावाल्यांपर्यंत. कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कुणाच्या पोराला कंपनीनं घरी बसवलं, कुठल्या गिऱ्हाइकाकडे जावई येणार म्हणून आज मोठी सुरमई उचलली गेली, सगळं तिच्या पाटीवरून शेजारच्या पाटीवर आणि तिथून बाजारभर. त्यात दुष्टावा नव्हता. मासळी काय आणि बातमी काय, ठेवून घेतली की वास मारते, असं तिचं साधं गणित. भांडायचीही तशीच, मोकळ्या गळ्यानं, आणि दुपारी जिच्याशी भांडली तिच्याच घरी संध्याकाळी उरलेली कोळंबी पाठवायची.

नवरा गुणाजी खाडीत जाळं टाकणारा. पण ही गोष्ट नव्वद-एक्याण्णव सालची. तोवर कारखान्यांचं पाणी खाडीत उतरून खाडीची पार दशा झाली होती, आणि गुणाजीची होडी बहुतेक दिवस काठावर उपडीच असे. तो ओट्यावर बसून फाटकी जाळी सांधत राही. जाळी खरंच टाकायची आहेत का, हे त्याला कुणी विचारत नसे. चंद्रभागा भाऊच्या धक्क्यावरून माल आणून विकायची. दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. नामा धाकटा, वागळे इस्टेटीत मशीनवर कामाला. त्याची बायको मालू दिव्याकडची, कमी बोलणारी. चंद्रभागेनं तिला पसंत केली ती त्यासाठीच. घरात एक तोंड पुरे, असं ती आपणहून सगळ्यांना सांगायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मालूची पाळी लांबली. चंद्रभागेला सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत बाजाराला. मग काय, कुणी मालूसाठी काळ्या पाठीची चिंबोरी दिली, कुणी ताजी बोय, एका म्हातारीनं तर मुलगाच होणार म्हणून सांगून टाकलं. आणि पुढच्या आठवड्यात पाळी आली. नुसतीच लांबली होती. त्यानंतर कितीतरी दिवस बाजारातली एकेक बाई मालूच्या पोटाकडे बघून विचारायची, "कितवा गो?" आणि मालू तिथंच उभ्या उभ्या सांगायची, "नाय, तसं काय नाय." एकदा एकीला सांगून ती घरी आली, हातातली पिशवी ठेवली आणि त्यानंतर बाजारात पाऊलच टाकलं नाही. ती सासूला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर चंद्रभागेनं चार उलटे शब्द ऐकवून मन हलकं केलं असतं. मालू गप्प राहिल्यामुळे ते तसंच आत रुतून बसलं.

त्यानंतर वर्षं जात राहिली. एकवीरेला नवस झाला, एका भगताच्या पायऱ्या झिजवून झाल्या. भगत म्हणाला होता, गुण आला की पहिला नारळ माझ्याकडे, आधी दुसरीकडे गेलात तर माझी जबाबदारी नाही. शेवटी नामाच म्हणाला, "आय, हे आता बस झालं. कंपनीतल्या एकाला नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गुण आलेला. आपण जाऊया."

डॉक्टरीणबाई करड्या होत्या, पण हुशार. त्यांनी दोघांनाही तपासलं. नामाला तपासायचं म्हटल्यावर चंद्रभागेनं नाक मुरडलं, पण नामा निमूट तयार झाला, आणि निघालं काय, तर थोडं त्याच्यात कमी, थोडं मालूच्यात. बाईंनी गोळ्या सुरू केल्या, इंजेक्शनं सुरू केली, सोनोग्राफीवर अंडं कधी फुटतंय ते बघायचं आणि मग नामाचं बीज साफ करून नळीनं मालूच्या पिशवीत सोडायचं. चंद्रभागेला हे सगळं समजलं होतं. बीज, पाणी, वेळ, यात न समजण्यासारखं काय? बाईंनी एक गोष्ट मात्र बजावली. माझं औषध चालू असताना दुसरं काही नको, अंगारे नाहीत, जडीबुटी नाही, कुणाचा काढा नाही. चंद्रभागेनं मान डोलावली.

पहिल्या वेळी लागू पडलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. पाळी आली की मालू मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवायची. नळाचा आवाज संपेपर्यंत चंद्रभागा बाहेर बसून राही. तिला सांत्वन करायला शब्द कमी नव्हते, पण त्या नळापुढे एकही उपयोगाचा वाटत नसे.

अशात तिच्या जुन्या गिऱ्हाईक हेमाबाई प्रधानांनी सुयांचा विषय काढला. या राम मारुती रोडवरच्या, चांगल्या शिकल्यासवरल्या, मासळीची पारख चंद्रभागेइतकीच, त्यामुळे दोघींची भांडणं रंगायची. त्यांच्या भाचीला मूल होत नव्हतं. तिनं मोठ्या डॉक्टरांच्या उपचारांबरोबर डोंबिवलीला सुया टोचून घेतल्या आणि तिला दिवस गेले.

"सुया?" चंद्रभागा म्हणाली. "इंजेक्शनं तर चालूच हायत."

"ती नव्हेत गं. औषध नसतं त्यांत. नुसत्या बारीक सुया, केसासारख्या. चिनी लोकांची विद्या आहे. त्र्यंबक टिपणीस म्हणून आहेत, कोलंबोला जाऊन शिकून आलेत. माणूस सज्जन आहे. नेऊन तर बघ."

चंद्रभागेनं मनात तोलून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी अंगारा नको म्हटलं होतं, काढा नको म्हटलं होतं. सुयांचं नाव काढलं नव्हतं. आणि नाही सांगितलं तर त्यांना कळणार कुठून?

टिपणिसांचा दवाखाना डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्यावर. भिंतीवर एका उघड्यानागड्या माणसाचं चित्र, अंगभर रेघा आणि ठिपके, बाजूला चिनी अक्षरं. चंद्रभागेनं त्याच्याकडे पाठ करून खुर्ची घेतली. टिपणीस पन्नाशीचे, किडकिडीत, मूळचे होमिओपॅथ. त्यांनी मालूचा हात उशीवर ठेवला, मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले आणि इतका वेळ गप्प बसले की चंद्रभागेला वाटलं, डॉक्टरांना झोप लागली. मग दुसरा हात. मग म्हणाले, जीभ दाखवा. मालूनं दाखवली. चंद्रभागेनंही दाखवली.

"तुमची नको, मावशी," डॉक्टर हसले. मग म्हणाले, "हात-पाय गार असतात हिचे. पाळीत कळा येतात, शेकलं की बरं वाटतं, खरं ना? आमच्या शास्त्रात म्हणतात, गर्भाशयाला थंडी बसलीय."

"थंडी? मी जल्मभर बरफात हात घालते, डाक्टर. तीन पोरं झाली मना."

"तुमचा पिंड वेगळा."

हे उत्तर चंद्रभागेला पटलं. आपला पिंड वेगळा आहे हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

सुया टोचताना मालू कुरकुरली नाही. पोटावर, घोट्याच्या वर, अंगठ्याच्या बेचक्यात. मग डॉक्टरांनी विडीसारखी जाड गुंडाळी पेटवली, दवण्याच्या जातीच्या पाल्याची, आणि तिची धग बेंबीखाली लांबूनच दिली. खोली धुरानं भरली. मालूचा डोळा लागला. कित्येक महिन्यांत तिला असं गाढ झोपलेलं चंद्रभागेनं पाहिलं नव्हतं, आणि केवळ तेवढ्यावरच तिचा त्या माणसावर विश्वास बसला. निघताना त्यांनी कलकत्त्याच्या चिनी दुकानातून मागवलेल्या काळ्या गोळ्या दिल्या, रक्त फिरतं राहावं म्हणून. आणि दारापर्यंत येऊन म्हणाले, "एक लक्षात ठेवा. दिवस राहिल्याचा नुसता संशय आला तरी पहिल्यांदा मला येऊन सांगायचं. बाकी कुणाला सांगा, न सांगा."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर गुडघेदुखीवाले ताटकळत होते. आणि चंद्रभागेनं विचारलं नाही, कारण तिला वाटलं, आपल्याला कळलं. भगतालाही पहिला नारळ हवा होता. प्रत्येकाला पहिला मान हवा असतो, मग तो अंगारा देणारा असो की सुई टोचणारा. द्यायचा मान, पेढ्याची पेटी घेऊन येऊ, वेळ आली की.

वेळ आली. सुया सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी बाईंनी पुन्हा बीज सोडलं आणि या खेपेला पाळी आली नाही. लघवी तपासली. डॉक्टरीणबाई, ज्या कधी हसत नसत, त्या हसल्या. म्हणाल्या, राहिलंय, पण फार नाजूक आहे, इतक्यात गाजावाजा करू नका.

हे चंद्रभागेला सांगायची गरजच नव्हती. जुन्या बायका सांगतच आल्या आहेत की तिसरा महिना सरेपर्यंत पोटातल्या जिवाचं नाव बाहेर काढायचं नाही, नजर लागते. मागच्या वेळी तिनं हा नेम मोडला होता. तेव्हा पोटात काही नव्हतंच, ही गोष्ट वेगळी. तिच्या मनात ते पाप आपल्या तोंडानं केलं असंच बसलं होतं. या वेळी तिनं देवासमोर उभं राहून ठरवलं, घरातल्या चौघांपलीकडे हे जाणार नाही. मुलींनासुद्धा नाही. हेमाबाईंनासुद्धा नाही.

आणि तिनं ते पाळलं, हेच तर खरं नवल. बाजारात ती नेहमीपेक्षा जास्त ओरडू लागली, दुसऱ्याच कशावरून तरी. बोलावंसं वाटलं की तोंडात मिश्री भरायची. गिऱ्हाइकांना न मागता वर एक-दोन बांगडे जास्त टाकायची. हेमाबाईंनी एकदा डोळे बारीक करून विचारलं, "काय गं, काही विशेष?" तर म्हणाली, "विशेष काय, बरफ महाग झाला." घरी येऊन हा पराक्रम तिनं मालूला रंगवून सांगितला. मालू हसली. ते हसू चंद्रभागा पुढं कधी विसरली नाही.

प्रश्न आला तो डोंबिवलीला जायच्या दिवशी. मालू म्हणाली, "आय, आता सुया कशाला? आता झालं ना?"

"ज्यानं गुण आला ते मध्येच सोडायचं? थंडी परत बसली म्हंजे?"

"मग डाक्टरांना सांगूया तरी."

"तीन म्हयने झाले की सांगू. डाक्टर झाला तरी बाहेरचाच मानूस."

मालूनं पायांत चपला घातल्या.

टिपणिसांनी नेहमीसारखी बोटं मनगटावर ठेवली. डोळे मिटले. मग उघडले. चंद्रभागा त्यांच्याकडे एकटक बघत होती. त्यांनी दुसरा हात घेतला, परत पहिला घेतला. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"काही आहे का?" त्यांनी मालूला विचारलं. "नाडी जरा वेगळी लागतेय."

मालूनं सासूकडे पाहिलं.

"कुठलं काय, डाक्टर," चंद्रभागा म्हणाली. "अजून काय नाय."

"पाळी आली?"

"आली ना. परवाच संपली."

हे तिला आधी ठरवावंसुद्धा लागलं नाही. जन्मभर बाजारात बसलेली बाई, काल बर्फात ठेवलेलं पापलेट आजचं म्हणून विकायला तिला कधी अडलं नव्हतं. खोटं तिच्या जिभेवर सहज येई. डॉक्टर आणखी थोडा वेळ मनगट धरून बसले. ते स्वतःच्या बोटांना विचारत असावेत. शिकून येऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि समोरची बाई सांगतेय की पाळी आली. त्यांनी हात सोडला आणि सुयांची डबी उघडली.

टेबलावर मालू आडवी झाली. डॉक्टर कापूस घ्यायला पडद्यामागं गेले तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "आय, सांगू का?"

"गप." चंद्रभागेनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "माझी शपथ हाय तुला."

डॉक्टर आले. पोटावर, घोट्याच्या वर, अंगठ्याच्या बेचक्यात. मालू छताकडे बघत राहिली. या वेळी तिला झोप लागली नाही. चंद्रभागा शेजारी बसून मनात एकवीरेचं नाव घेत होती, आणि खोटं बोलल्याबद्दल तिला जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं. उलट छाती अभिमानानं भरली होती. एवढ्या हुशार माणसालाही आपण पत्ता लागू दिला नाही.

आठवडा उलटायच्या आत ते झालं. मालू दुपारी तांदूळ निवडत बसली होती. सूप तसंच ठेवून ती उठली, मोरीत गेली, आणि आतून तिनं हाक मारली. "आय" एवढंच. चंद्रभागेनं दार ढकललं. मालू भिंतीला टेकून उभी होती, आणि पातळ भिजलं होतं. गुणाजी रिक्षा आणायला धावला. रिक्षात मालू दोन्ही हातांनी पोट धरून बसली, जसं काही धरून ठेवलं तर राहणार होतं.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी साफ केली. संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा नामा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाई म्हणाल्या, अशी पहिल्या महिन्यांत पुष्कळ जातात. बहुतेक वेळा गर्भातच काही कमी असतं. कुणाचा दोष नसतो. पुन्हा प्रयत्न करू.

इथं चंद्रभागेनं गप्प बसायला हरकत नव्हती. बाईंनी तिला मोकळं केलं होतं. पण तिच्या तोंडून निघालंच.

"बाई, सुयांनी होतं का असं?"

"कसल्या सुया?"

मग सगळं सांगावं लागलं. सुया, धूर, काळ्या गोळ्या. नामाला सुया ठाऊक होत्या, पण दिवस राहिल्यावरही त्या चालू होत्या हे त्याला आत्ताच कळलं. त्यानं वळून आईकडे पाहिलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. चंद्रभागेला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरंच झालं असतं. पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्या गोळ्यांत काय असतं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सुयांनी होतं असं मी म्हणणार नाही, होत नाही असंही म्हणणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही. मला सांगायला हवं होतं, एवढंच."

"पण तुमाला काय वाटतं?"

"मी कशी सांगू, बाई? आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

मालू घरी आल्यावर चंद्रभागा एकटीच डोंबिवलीला गेली. तिला उत्तर हवं होतं. निदान या माणसाला तरी ठाऊक असेल. दवाखान्यात गर्दी नव्हती. टिपणिसांनी तिला एकटीला बघितलं आणि त्यांचा हात टेबलावरच थांबला.

"मालू कुठंय?"

तिनं सांगितलं. आधी आपण काय खोटं बोललो ते सांगितलं, मग काय झालं ते. ते उभे होते, ते खाली बसले. बाहेर कुणीतरी खोकत होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते शेवटी म्हणाले. आवाजात राग नव्हता. "नाडी बदलली होती. मला लागत होतं हाताला. पण तुम्ही म्हणालात पाळी आली, आणि मी म्हटलं माझंच चुकत असेल."

"तुमी पैलं सांगायला सांगितलेलं. मना वाटलं मानासाठी."

त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. "गरोदर बाईला काही जागी टोचत नाहीत, मावशी. त्या गोळ्याही लगेच बंद करतात. म्हणून म्हटलं होतं. का ते मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, असं सांगून हिला घाबरवू कशाला."

"म्हंजे त्यानंच गेलं."

"ते मला माहीत नाही."

"तुमच्या पुस्तकात काय लिवलंय?"

"पुस्तकात टोचू नका म्हणून लिहिलंय. टोचलं तर जातंच, असं मी पाहिलेलं नाही. आणि कधीही सुई न लागलेल्या बायकांचंही जातं, रोज जातं. खरंच मला माहीत नाही. माहीत असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं."

चंद्रभागा त्यांच्याकडे पाहत राहिली. बाजारात तिनं माणसं ओळखण्यात जन्म घालवला होता. हा माणूस काही लपवत नव्हता. त्याच्याकडे उत्तरच नव्हतं. तिला वाटलं, यानं आपल्याला हाकलून द्यावं, चार शिव्या घालाव्यात, म्हणजे निदान जमिनीवर पाय तरी टेकेल. त्यानं तिला पाणी दिलं.

घरी मालू पहिल्यासारखी वागू लागली होती. कालवण करायची, गुणाजीला चहा द्यायची, चंद्रभागेच्या पाठीला तेल लावायची. तिनं कुठलाच विषय काढला नाही. नामानंही नाही, तो फक्त आईशी कामापुरतं बोलायचा. सगळे तिला सांभाळून घेतायत असं चंद्रभागेला वाटे आणि जीव घुसमटे. ती बाजारात बसायची, पण ओरडणं कमी झालं. शेजारणी म्हणू लागल्या, हिची तब्येत बघा. हेमाबाईंनी विचारलं, चिनी सुयांचं काय झालं, तर तिनं सुरमईचे तुकडे करता करता सांगितलं की सोडून दिलं, फार लांब पडतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं होतं तो दिवस जवळ आला. चंद्रभागेनं ठरवलं, त्याआधी बोलून टाकायचं. सगळा दोष आपल्या डोक्यावर घ्यायचा आणि पोरीला मोकळी करायची. मग ती नव्या उमेदीनं जाईल. दुपारी दोघीच घरात होत्या. मालू वाळलेले कपडे घडी करत होती.

"मालू," चंद्रभागा म्हणाली. "जे झालं ते माझ्यामुळं झालं. मी तोंड दाबून ठेवलं तुझं. मना बोल काय ते. शिव्या दे. पण मनात ठेवू नको गो."

मालूनं हातातली घडी पुरी केली. मग शांतपणे म्हणाली, "शपथ मोडली असती तर तुमी मेल्या नसत्या, आय."

चंद्रभागेला आधी वाटलं, आता ती बोलणार, आता राग बाहेर येणार. ती ऐकायला पुढं सरकली.

"ते मना तेव्हाच ठावूक होतं," मालू म्हणाली. "टेबलावर मी होते. तोंड माझं होतं. डाक्टर सुई हातात घेऊन उभे होते, एक शब्द बोलायचा होता. मना भीती वाटत होती, तरी मी नाय बोलले. तुमाला वाईट वाटंल म्हनून. पोर माझं होतं आनि मी तुमच्या वाईटाचा विचार केला."

"अगं पन मी..."

"तुमचं काय, तुमी चांगल्यासाठीच केलं. मीच गप्प राह्यले."

ती रडली नाही. रडली असती तर चंद्रभागेनं तिला जवळ घेतलं असतं. तिला आता कळत होतं की या सगळ्या दिवसांत, पाठीला तेल लावताना, भात वाढताना, नळ सोडून मोरीत उभी राहताना, ही पोर हेच उगाळत होती. चंद्रभागा जो दोष घ्यायला आली होती, तो मालूनं कधीच उचलून घेतला होता आणि आता तो तिच्या हातातून सोडवता येत नव्हता. नाही गो, तुझी काय चूक, असं चंद्रभागा पुन्हा पुन्हा म्हणाली. मालू मान डोलवत होती, जशी लहान मुलांच्या बोलण्याला डोलवतात.

"अजून एक हाय," मालू म्हणाली. "आता मी बाईंकडं जायची नाय. परत बीज, परत इंजेक्शन, परत राह्यलं का नाय ते बघत बसायचं, माझ्याच्यानं नाय होनार. राह्यलंच तर मी दिवसभर सोताला विचारत बसंन, आता कुठं चुकले. नको मना."

"बरं गो. दम घे. वर्षाभरानं बघू."

"नाय, आय. कदीच नको."

चंद्रभागेला नातवाचं तोंड बघायचं होतं. त्यासाठी तिनं देव, भगत, डॉक्टर, चिनी सुया काही सोडलं नव्हतं. ती हट्ट करू शकली असती. या घरात तिचा हट्ट कुणी मोडत नसे. तिनं मालूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिच्यानं बोलवेना.

"ह्यांना तुमीच सांगा," मालू म्हणाली. "मना नाय सांगवत." आणि कपड्यांचा गठ्ठा उचलून ती आत गेली.

संध्याकाळी नामा कामावरून आला. डबा ठेवला, हातपाय धुतले, आणि विचारलं, बाईंकडे परवा किती वाजता जायचंय, त्यानं सुटी टाकलीय. चंद्रभागेनं त्याला आधी चहा पिऊ दिला. मग त्याच्यासमोर बसून तिनं त्याला सांगितलं.